वरचं बटण

१

मालकांनी मरण्याआधी दोनदा "वर घे" म्हटलं, आणि त्यांच्या जावयाने दोन्ही वेळा वरचंच बटण दाबलं. पाळणा खाली आला.

हे ऐकलं तेव्हा माझ्या हातात अर्धवट घासलेली कवळी होती. मी कवळ्या बनवतो. लोकांच्या तोंडाचा धंदा करून माझं स्वतःचं तोंडही बऱ्यापैकी चालतं, पण त्या वेळी शब्द फुटेना. सांगत होती आमची ही. दारातच उभी होती, चपला पायातच आणि पर्स खांद्यालाच.

"आणि काल सकाळी तिथे मीटर बदलायला आपला खांब गेला होता," ती म्हणाली. "त्याला धरून नेलंय."

खांब म्हणजे माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. उंची अशी की आमच्या घरात शिरताना त्याला मान वाकवावी लागते, म्हणून लहानपणापासून खांब. तो वीज कंपनीत मीटर बसवतो आणि ही त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत मीटर तपासते. हिच्या माहेरी विजेचं इतकं प्रस्थ आहे की माझ्या लग्नात सासऱ्यांनी मला आहेर म्हणून टेस्टर दिला होता. तो मी अजून वापरलेला नाही.

जागा होती पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एक कारखाना. खाली यंत्रं आणि ऑफिस, वर मालकांचं घर, घराला लागूनच कागदाची कोठी. कागदाची अवजड रिळं वर चढवायला एक उघडी लिफ्ट होती, तिला सगळे पाळणा म्हणत. पाळण्याखाली माणूसभर खड्डा. सुट्टीच्या दिवशी पाळणा अधांतरी ठेवून कोणीतरी त्या खड्ड्यात उतरायचं आणि रुळांना ग्रीस लावायचं, अशी तिथली जुनी रीत. बटणांचा डबा लांब वायरला लोंबता असे. उतरणारा तो आपल्याबरोबर खाली नेई आणि काम झालं की पाळणा वर सरकवून बाहेर येई.

काल संध्याकाळी मालक उतरले, पाळणा आधीच अधांतरी होता. त्यांनी वरचं बटण दाबलं आणि पाळणा त्यांच्या खांद्यावर आला. डबा हातातून उडाला. काठावर उभ्या असलेल्या जावयाने तो झेलला. मालक ओरडले, वर घे. जावयाने जीव खाऊन वरचं बटण दाबलं.

"मोटार उलटी फिरली," ही म्हणाली. "तीन तारांपैकी दोन अदलाबदल झाल्या की असं होतं. फौजदार म्हणतात, तारांना काल एकाच माणसाने हात लावला."

२

कोठडीत खांब गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. एवढा लांब माणूस इतका लहान होऊ शकतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. 

"ताई, माझ्याच हातून झालं असेल," तो म्हणाला.

"असेल म्हणजे? तुला आठवत नाही का?"

"तारा जुन्या. रंग उडून सगळ्या काळ्या पडलेल्या. मेन स्विचातली टोकं जळालेली होती म्हणून तीही मीच नवीन केली. मी चिठ्ठ्या बांधल्या होत्या, एक, दोन, तीन. बरोबर लावल्या असंच वाटतंय. पण रात्रभर विचार करकरून आता काही सांगता येत नाही."

"मोटार फिरवून बघितलीस?"

त्याने मान खाली घातली. "कारखाना बंद होता. यंत्रांवर झाकणं होती. काका म्हणाले, राहू दे रे पोरा, आम्ही बघू, तू जेवायला जा."

काका म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ. ही काहीच बोलली नाही. हिचं न बोलणं काय असतं ते मला ठाऊक आहे. अशा वेळी ओरडा परवडतो.

"आणखी काय झालं निघताना? काहीही सांग."

"काही नाही. ट्रक आला रिळांचा. माझी शिडी वाटेत होती, ती हलवली. मग निघालो."

फौजदार दारात ऐकत उभे होते. थकलेला, सरळ माणूस. "बाई, तुम्ही बहीण आहात म्हणून अर्धं ऐकतोय," ते म्हणाले. "ट्रकचं आम्हीही विचारलं. काका सांगतात, ट्रक सकाळी आला, जुनं मीटर काढायच्याही आधी. ट्रक कुठल्या कुठे गेला, ड्रायव्हरचा फोन लागत नाही. तुमचा भाऊ घाबरलाय, त्याच्या डोक्यात वेळांचा काला झालाय."

"दोघांतला एक चुकतोय," ही म्हणाली.

"चुकायला कारण कोणाला आहे ते तुम्हीच बघा," फौजदार म्हणाले, आणि त्यांनी कोठडीकडे बोट केलं.

३

कारखान्याकडे जाताना मी गाडी चालवत होतो. विचारू की नको करत शेवटी विचारलंच.

"पण तारा बदलल्या तर मोटार जळायला हवी ना? उलटी कशी फिरते?"

"आपल्या घरच्या मीटरला जिवंत तार एकच," ही म्हणाली. "दिवा, पंखा, इस्त्री, सगळं त्या एकीवर. त्याला सिंगल फेज म्हणतात. कारखान्याचं मीटर थ्री फेज, जिवंत तारा तीन. असं समज, तीन माणसं गोलात उभी आहेत आणि चेंडू पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे चाललाय. मोठी मोटार त्या चेंडूमागे फिरते."

"आणि दोघांनी जागा बदलल्या तर?"

"चेंडू उलटा फिरणार."

"आणि घरच्या मीटरला?"

"तिथे माणूस एकच. तो जागा कोणाशी बदलणार? म्हणून घरी अशी चूक कोणाला करताच येत नाही."

मला एकदम आशा वाटली. "नवं मीटर तर स्मार्ट आहे. दर पाव तासाला ऑफिसला चहाडी करतं म्हणतेस. मग त्यात खांबाची चूक नसल्याचं दिसेल."

"नाही दिसणार," ती म्हणाली. "मीटर आपल्यापर्यंत आलेल्या तारांचा क्रम ओळखतं. पुढे मेन स्विचात कोणी काय केलं, ते त्याला कळत नाही."

 कारखान्याच्या दारात एक म्हातारा गृहस्थ आमची वाट बघत उभा होता. त्याने हिच्यासमोर हात जोडले आणि म्हणाला, "पोरी, तुझ्या भावाला सोडवायला मीच फौजदारांच्या पाया पडणार आहे."

४

ते काका. लग्न केलं नव्हतं, सगळी हयात या कारखान्यात गेलेली. मला तो माणूस बघताक्षणी आवडला. गुडघ्यांना हात लावत, कण्हत चालायचे, पण खुर्ची आधी आम्हाला दिली. ऑफिसात जुना रेडिओ होता, विजेवर चालणारा, एकेकाळी त्यांनीच खोलून दुरुस्त केलेला. त्यावर कापड टाकून ठेवलं होतं.

"पोराची चूक झाली," ते म्हणाले. "चूक कोणाची होत नाही? दादा तर गेला. आता त्या मुलाचं आयुष्य नासवून तो परत येणार आहे का? अपघात म्हणून मिटवा, असं मी फौजदारांना सांगितलंय."

मला गलबलून आलं. सख्खा भाऊ असा गेल्यावर हे बोलायला छाती लागते. मी हिच्याकडे बघितलं. ही रेडिओकडे बघत होती.

"काल दुपारी तुम्ही कुठे होतात, काका?"

"इथेच. तुझा भाऊ गेला, मी जेवलो आणि इथे पंख्याखाली रेडिओ लावून बसलो ते थेट किंकाळी ऐकेपर्यंत. मग धावत जाऊन मेन स्विच पाडला."

"मधे वीज गेली होती का?"

"वीज गेलीच नाही. रेडिओ एकदाही बंद पडला नाही."

"आणि मीटर बसल्यावर एखादं यंत्र चालवलं?"

"एकही नाही. संध्याकाळी पाळणाच पहिला हलला. तोच शेवटचा," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

वर मालकीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून रडून आवाज बसला होता. मी ओशाळून कोठीच्या दाराशी एका रिळावर टेकलो. नवंकोरं रीळ होतं, त्याच्या प्लास्टिकवर रस्त्याचा चिखलही ताजा. शेजारी तशीच आणखी होती. मी एकाला सहज रेटून बघितलं. ते जागचं हललं नाही.

"काल दुपारी वीज गेली होती का?" हिने त्यांनाही विचारलं.

"वीज गेलीच नाही," बाई म्हणाल्या. "सकाळभर नव्हती, मीटर बदलत होते ना. मग आली, मी पंखा लावला, जरा पाठ टेकली तर खाली भावजींची धडधड सुरू. माल आला की झोप कुठली? ह्यांचं आणि भावजींचं एकच, कागद खाली ठेवायचा नाही, ओल धरते. जेवणं झाल्यावर मात्र हे घोरायला लागले आणि मीही निवांत झोपले. पंखा चालू होता सारखा."

जावई गॅलरीत होता. तिशीचा असेल, दोन्ही हात काखेत दाबून उभा. त्याच्याकडे मी संशयानेच बघितलं. कारखाना सासऱ्यांनी आता त्याच्या हाती द्यायचं ठरवलं होतं, आठवड्यापूर्वी जेवताना सगळ्यांसमोर जाहीरही केलं होतं. ग्रीस लावायचं कामही आता जावयाचंच, असं म्हणाले होते. जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि हा ग्रह नेमका काल संध्याकाळी उगवला होता.

"तुमचं काम होतं, मग ते का उतरले?" हिने विचारलं.

"माझ्यामुळे गेले," तो म्हणाला.

"म्हणजे?"

त्याने काखेतले हात बाहेर काढले, उजव्या अंगठ्याकडे बघितलं आणि परत काखेत घातले.

५

जिना उतरताना मी हिच्या कानाशी लागलो. "हाच. कारखाना मिळणार, सासरा वाटेत. तोंडाने कबूल पण केलं."

"त्याला मिळणारच होतं, मग मारायचं कशाला?" ही म्हणाली. "आणि तो आलाच संध्याकाळी. तू रिळावर बसलास तेव्हा काय बघितलंस?"

"चिखल. नवी होती, जड होती."

"जिन्यावरून जातील?"

"चार पैलवान लावले तरी नाही."

"मग ती वर गेली कशी?"

मी जिन्यातच थांबलो. ही खाली उतरून बाहेरच्या भिंतीवरच्या दोन मीटरांसमोर उभी राहिली. एक लहान, घराचं. दुसरं त्याच्या दुप्पट, कारखान्याचं. दोन्ही नवीकोरी, शांतपणे लुकलुकत होती. हिने आपल्या साहेबांना फोन लावला, दोन्ही मीटरांच्या कालच्या नोंदी थेट फौजदारांकडे पाठवायला सांगितल्या, आणि मग फौजदारांना म्हणाली, "साहेब, कागद घेऊन या. माझ्या भावाबद्दल मी काही बोलणार नाही. मीटर बोलेल."

फौजदार आले तोवर सगळे खाली ऑफिसात जमले होते. काकांनी सगळ्यांना पाणी दिलं.

"हे घरचं मीटर," ही कागदावर बोट ठेवून म्हणाली. "एकच तार. दुपारभर तिच्यावर थोडंसं ओझं, एका पंख्याइतकं, अखंड. मालकीणबाई खरं बोलल्या. यातून एवढंच कळतं. घरच्या मीटरला इस्त्री काय आणि गिझर काय, सगळं सारखंच."

"आणि मोठं?" फौजदारांनी विचारलं.

"त्याला तिन्ही तारा वेगळ्या दिसतात. दिवा, पंखा, रेडिओ असेल तर एका तारेवर थोडं ओझं, बाकी दोन रिकाम्या. पण मोटार तिन्हींकडून सारखं घेते. तिन्ही तारांवर एकदम सारखं ओझं आलं की समजायचं, मोटार फिरली." तिने कागद त्यांच्याकडे सरकवला. "मीटर बसल्यानंतर लगेचच्या नोंदी बघा."

फौजदारांनी चष्मा वर केला. "तिन्ही सारख्या. चांगल्याच मोठ्या आहेत."

"रिळं चढत होती. ट्रक माझ्या भावाने सांगितला तेव्हाच आला. बाईंनी पंखा लावल्यावर जी धडधड ऐकली, ती हीच."

काका शांतपणे म्हणाले, "वय झालं, पोरी. सकाळ-दुपार माझाच घोळ झाला असेल."

"असेल," ही म्हणाली. "पण मग पाळणा नव्या मीटरवर चालला, आणि तो तुम्ही चालवलात. माझ्या भावाने तारा उलट्या लावल्या असत्या तर वरचं बटण दाबल्यावर तो खाली गेला असता. ते तुम्हाला तेव्हाच कळलं असतं, आणि तुम्ही दादांना सांगितलं असतं. सांगितलं असतं ना?"

काकांनी समोरचा रिकामा पेला उपडा घातला.  हो म्हटलं तर तारा तोवर सरळच होत्या, नाही म्हटलं तर दादांना माहीत असून उतरू दिलं; उत्तर काहीही दिलं तरी ते वाईटच होतं.

६

"आता जेवणानंतरचं," ही म्हणाली. "एका तारेवर थोडं ओझं आहे, ऑफिसातला हा पंखा. मग अचानक तिन्ही तारा रिकाम्या. एक नोंद, दुसरी नोंद, दोन्हींत शून्य. बाहेरून वीज मात्र येत होती, मीटरने तीही लिहिली आहे. म्हणजे कोणीतरी हाताने मेन स्विच पाडला होता. मग पंखा परत सुरू."

फौजदार हळूच म्हणाले, "तेवढ्यात तारा बदलल्या."

"आवळलेले स्क्रू आणि म्हातारे हात, म्हणून वेळ लागला. काका, वीज गेलीच नाही, असं आज दोघांनी सांगितलं. वहिनी वर होत्या, त्यांचं मीटर वेगळं, त्यांचं खरं. तुम्ही याच खोलीत, याच पंख्याखाली होतात. रेडिओ एकदाही बंद पडला नाही म्हणालात. तो बंद पडायलाच हवा होता."

मला वाटलं आता काका चिडतील, हात झटकतील. मला तसं हवंही होतं. पण त्यांनी नुसतं रेडिओवरचं कापड सरळ केलं.

"जुन्या मीटरला नुसतं चाक होतं," ते म्हणाले. "गरगर फिरायचं. त्याला काही कळायचं नाही."

मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या. "भावजी," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोरासारखं तुम्हाला सांभाळलं ह्यांनी."

"दादासाठी नव्हतं ते, वहिनी." काका म्हणाले. "दादाच्या केसाला धक्का लावेन का मी? उतरायचं याने होतं. याने." त्यांनी जावयाकडे बोट केलं. "हे यंत्र मी बसवलं. हा पाळणा मी बसवला. रात्रंदिवस इथे राबलो, स्वतःचा संसार नाही केला. आणि दादा जेवताना म्हणतो, सगळं जावयाचं. मला काय, तर मागची खोली. मी म्हटलं, उतर बाबा खड्ड्यात, घे तुझा कारखाना."

"मग ट्रक आला तेव्हा रिळं खालीच का नाही ठेवलीत? मोटार फिरल्याची नोंदच झाली नसती." फौजदारांच्या तोंडून निघून गेलं.

काका त्यांच्याकडे गोंधळून बघत राहिले. "कागद आहे तो," ते म्हणाले. "जमिनीची ओल धरली असती."

 या माणसाच्या हातचं पाणी मी आत्ताच प्यायलो होतो.

तेव्हा जावई बोलला. इतका वेळ तो भिंतीला चिकटून होता.

"मी काल नाही म्हणायला आलो होतो," तो म्हणाला. "मला खोक्यांतलं काय कळतं? मी मामंजींना म्हटलं, कारखाना काकांचा आहे, काकांनाच द्या. ते हसले. म्हणाले, मला हे कधीच सुचायला हवं होतं. मग म्हणाले, असं असेल तर आजचं ग्रीस मीच लावतो, त्याचे गुडघे दुखतात. संध्याकाळी त्याला चहाला वर बोलवू आणि सांगू."

 काकांनी विचारलं, "असं म्हणाला दादा?"

"हो, काका."

"गुडघ्यांचं पण म्हणाला?"

जावयाने मान हलवली. फौजदारांनी दंडाला धरून उठवलं तेव्हा काका स्वतःहून उठू शकले नाहीत. मला पुढे होऊन दुसरा दंड धरावा लागला.

७

खांब त्याच दिवशी सुटला. घरी आला, मान वाकवून आत शिरला आणि हिच्यासमोर उभा राहिला. हिने त्याला आधी पोटभर वाढलं.  मग म्हणाली, "काल मोटार फिरवून दाखवली असतीस, सही घेतली असतीस, तर तुझ्यावर ढकलायची सोयच राहिली नसती. मग त्यांनी हे केलंही नसतं कदाचित." तो ताटातल्या रेघा बघत बसला. मला वाटलं, इतकं बोलायला नको होतं. पण ते खोटं नव्हतं, आणि बोलून झाल्यावर रडत तीच होती.

काही दिवसांनी तारा सरळ करायला कंपनीने माणूस पाठवायचा होता. खांब म्हणाला, मीच जातो. आम्ही दोघे त्याच्या सोबत गेलो. त्याने चिठ्ठ्या बांधल्या, तारा लावल्या, दोनदा तपासल्या, आणि मग बटणांचा डबा हातात घेऊन जावयाकडे बघितलं.

"फिरवून बघायला हवं," तो म्हणाला. "घरच्या माणसासमोर."

जावई मागे सरला. हात पुन्हा काखेत. मालकीणबाई जिना उतरून आल्या, त्यांनी खांबाच्या हातातून डबा घेतला.

"वरचं कुठलं?" त्यांनी विचारलं.

खांबाने दाखवलं. त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं. मोटार घुमली. पाळणा हलला आणि कोठीच्या दिशेने सावकाश चढू लागला. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो. बाईंचे डोळे मिटलेलेच होते.

"गेला का वर?" त्यांनी विचारलं.

"गेला, आई," जावई म्हणाला.

तरी त्यांनी बटण सोडलं नाही. पाळणा वरच्या टोकाला जाऊन थांबला, मोटार बंद झाली, आणि शेवटी खांबाने त्यांचा अंगठा हळूच बाजूला केला.